मचूळ पाण्यावरचे आठ तास

केरळचा मधला किनारा नकाशावर पाहिला, तर समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याची आणखी एक रेघ दिसते. ती कुठे फुगून सरोवर होते, कुठे आकसून ओढ्याएवढी उरते, पण सहसा तुटत नाही. या अडलेल्या पाण्याला मल्याळममध्ये ‘कायल’ म्हणतात, आणि दोन कायल जोडणाऱ्या अरुंद प्रवाहाला किंवा कालव्याला ‘तोड’. अलप्पुळा, म्हणजे जुन्या नकाशांतले अलेप्पी, ते कोल्लम हा या रेघेचा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा. राज्य जलवाहतूक विभागाची पर्यटक बोट वर्षानुवर्षे सकाळी साडेदहाला सुटून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पलीकडच्या टोकाला पोचत आली आहे.

महाराष्ट्रातून केरळला जाणारी बरीच जोडपी हाउसबोटीत एक रात्र काढतात. हाउसबोट अलप्पुळाच्या आसपास फिरून त्याच धक्क्यावर परतते. तिच्यातून दिसते ते सगळे एकाच जातीचे पाणी असते. दिवसाची बोट मात्र गोड्या पाण्यातून निघून खाऱ्या पाण्यात नेते. मधल्या आठ तासांत काठावरची पिके, जाळी, धंदे, माणसांची भांडणे हे सगळे पाण्यातल्या मिठाच्या मापाने बदलत जाते. हा बदल समजून घ्यायचा तर हाउसबोटीपेक्षा ही प्लास्टिकच्या खुर्च्यांची बोट अधिक उपयोगाची.

अशाच एका फेरीला वरच्या मजल्यावर पुढच्या रांगेत साठीच्या घरातले एक कोकणी जोडपे बसले होते. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावात संसार झालेला. ओहोटीला चिखलात पाय किती रुतेल हे नजरेने सांगणारी ही माणसे. त्यामुळे त्यांचे पाहणे इतरांपेक्षा वेगळे होते.

आडवे पाणी

कोकणातली खाडी आणि केरळचे कायल यांत एक मूलभूत फरक आहे. खाडी किनाऱ्याशी काटकोन करून डोंगरांच्या बेचक्यात आत शिरते. कायल किनाऱ्याच्या कडेकडेने आडवे पसरते. कोकणात सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रापर्यंत येतात, म्हणून एका खाडीतून दुसरीत जायचे तर होडीला बाहेरच्या समुद्रात जावे लागते. केरळच्या मधल्या भागात किनारा सपाट आणि वाळूचा. राज्यातल्या ४४ नद्यांपैकी ४१ पश्चिमेला वाहतात. त्यांनी डोंगरातून आणलेला गाळ आणि समुद्राच्या लाटांनी किनाऱ्याला रचलेली वाळू यांतून लांबच लांब दांडे तयार झाले. दांड्यामागे नद्यांचे पाणी अडले, ते कायल. पावसाळ्यात नदीचा जोर वाढला की पाणी दांडा फोडून समुद्रात जाते; पावसाळा सरला की समुद्र पुन्हा वाळू आणून तोंड बुजवतो. या उघडझाप करणाऱ्या तोंडाला ‘पोळि’ म्हणतात. इथल्या पाण्याच्या साऱ्या कथेत पोळि उघडी आहे की बंद, हा पहिला प्रश्न असतो.

माणसाने या रचनेत भर घातली ती कालव्यांची. चौदाव्या शतकात इब्न बतूता कोळिकोडहून कोल्लमला आतल्या पाण्यानेच आला होता. त्याने या प्रवासाला दहा दिवस लागतात असे नोंदवले आहे. पुढे त्रावणकोर संस्थानाने एकोणिसाव्या शतकात कालवे खोदून, वर्कलाच्या कड्याखालून बोगदे काढून हा मार्ग तिरुवनंतपुरमपर्यंत नेला. रस्ते आणि रेल्वे आल्यावर त्याची रया गेली. १९९३ साली कोल्लम ते कोट्टप्पुरम हा भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ ठरला, आणि २०१६च्या कायद्याने तो कोळिकोडपर्यंत वाढवण्यात आला.

अलप्पुळाचा धक्का

अलप्पुळा हे नैसर्गिक बंदर नव्हेच. समोर उघडा समुद्र, आडोसा कसलाच नाही. तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी इथे बंदर वसवले, याला एक कारण समुद्राच्या तळाशी आहे. पावसाळ्यात या किनाऱ्यावर कधी कधी मऊ चिखलाचा थर पाण्यात उचलला जातो आणि लाटांचा जोर गिळून टाकतो. बाहेर वादळ असताना तेवढा पट्टा तळ्यासारखा शांत राहतो. या चिखलपट्ट्याला ‘चाकरा’ म्हणतात. मासळी तिथे गोळा होते, आणि एकेकाळी जहाजे तिथे नांगर टाकून उभी राहत. कायलपासून समुद्रापर्यंत दोन समांतर कालवे खणले गेले. मिरी, सुंठ, खोबरे आतल्या गावांतून होडीने थेट बंदराच्या गोदामापर्यंत येऊ लागले. त्या कालव्यांच्या काठाने आज शहराचे रस्ते आहेत. बंदर बंद पडले, समुद्रात घुसलेल्या जुन्या धक्क्याचे खांब तेवढे उरले.

बोटीचा धक्का एसटी स्थानकाच्या शेजारीच आहे, हे ध्यानात घेण्यासारखे. इथे बोट ही गावगाड्यातली बस आहे. शाळेची मुले, गॅसची टाकी घेतलेला माणूस, दवाखान्यातून परतणारी बाई, सगळे तिकीट काढून चढतात आणि आपल्या घराच्या पायरीवर उतरतात. २०१७ साली वैक्कम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये देशातली पहिली सौरऊर्जेवरची प्रवासी बोट सुरू झाली, तीही राज्य जलवाहतूक विभागाचीच.

धक्का सोडला की पहिला अर्धा तास हाउसबोटींच्या रांगांतून जातो. त्यांचा मूळ आकार ‘केट्टुवळ्ळम’चा. केट्टू म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे होडी. आंजिली नावाच्या, फणसाच्याच कुळातल्या झाडाच्या फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवायच्या, फटींत काथ्या ठासायचा आणि वरून काजूच्या टरफलाचे काळे तेल चढवायचे. खिळा एकही नाही. अशा होड्यांतून भाताची पोती आणि मसाले वाहिले जात. ट्रक आल्यावर त्या काठावर सडू लागल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोणीतरी त्यांवर बांबूची खोली चढवून पर्यटक बसवले. हे धंद्याचे पुनरुज्जीवन खरेच. पण धक्क्यापाशी पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग आणि हाउसबोटींचे सांडपाणी हीसुद्धा त्याचीच बाजू आहे.

खाली शेत, वर होडी

अलप्पुळा सोडल्यावर दोन्ही काठांना बांध दिसू लागतात आणि बांधापलीकडे भात. वरच्या मजल्यावरून पाहिले की लगेच लक्षात येते: शेत पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. बोट जणू शेताच्या डोक्यावरून चालली आहे. हे कुट्टनाड. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्यांनी आणलेल्या गाळाचा हा प्रदेश, आणि त्यातली शेते समुद्रपातळीच्या साधारण अर्ध्या मीटरपासून दोन मीटरहून थोडी अधिक खाली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला.

“अहो, हे आपलं खाजणच की,” पुढच्या रांगेतली बाई म्हणाली.

नवरा जरा वेळ बांधाकडे पाहत राहिला. “खाजणच. पण आपल्याकडे ओहोटीला उघाडी उघडली की पाणी आपोआप निघून जातं. इथं शेतच एवढं खाली. पाणी जाणार कुठे?”

प्रश्न नेमका होता. कोकणातल्या खारजमिनीत आणि गोव्याच्या खाजणांत बांधाला एक दार असते. कोकणात त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. भरतीला ते पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. शेत ओहोटीच्या पातळीपेक्षा वर असेल तरच हे जमते. कुट्टनाडमध्ये पाणी उपसावेच लागते. पूर्वी ‘चक्रम’ नावाचे लाकडी चाक पायाने फिरवून ते उपसत. एका चाकावर अनेक माणसे रात्रंदिवस बसत. मग ‘पेट्टी-परा’ आली. पेट्टी म्हणजे लाकडी पेटी, परा म्हणजे पिंप. उभ्या पिंपात पंखा फिरतो, पाणी वर चढते आणि आडव्या पेटीतून बांधापलीकडे नदीत पडते. फार उंच चढवायचे नसते, पण प्रचंड पाणी हलवायचे असते. या कामाला ती इतकी योग्य ठरली की शंभर वर्षांनंतरही ती काठाकाठाने दिसते. एकाच बांधाच्या आतल्या सगळ्या शेतांचा मिळून एक ‘पाडशेखरम’ होतो. उपसा एकाचा नसतो. कोणी म्हणेल मी पुढच्या आठवड्यात पेरतो, तर ते चालत नाही. पाणी सगळ्यांचे एकदम काढायचे, पेरणी एकदम, कापणी एकदम.

अलप्पुळाच्या उत्तरेला वेंबनाड कायलमध्ये तर १९४०च्या दशकात मुरिक्कन नावाच्या जमीनदाराने सरोवराच्या मधोमध बांध घालून चित्तिरा, मार्ताण्डम आणि राणी ही शेते उभी केली. नावे त्रावणकोरच्या राजघराण्याची. माडाचे खुंट तळात ठोकायचे, त्यांच्यामध्ये चिखल, वाळू आणि फांद्या भरायच्या. चिखल काढायला माणूस बुडी मारून तळाशी जाई. हे श्रम ज्यांनी केले त्या भूमिहीन मजुरांची नावे कोणत्याही शेताला नाहीत.

इतके पाणी असून पिण्याचे पाणी नाही, हा कुट्टनाडचा रोजचा जाच. भोवतीच्या पाण्यात खत, कीटकनाशके आणि मैला. विहिरीचे पाणी लोहाचे किंवा मचूळ. कित्येक घरांना पिण्याचे पाणी होडीने येते. बांधावर रंगीबेरंगी घागरी ओळीने ठेवलेल्या दिसतात, त्या त्यासाठी.

मिठाची चावी

शेताला खारे पाणी चालत नाही, मासळीला गोडे पाणी पुरत नाही. कुट्टनाडच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासाचा गाभा एवढाच आहे.

मुख्य पीक ‘पुंजा’. पावसाळी पूर ओसरल्यावर पेरायचे, मार्च-एप्रिलमध्ये कापायचे. पण याच महिन्यांत नद्या रोडावतात आणि समुद्राचे खारे पाणी कायलमधून वर सरकते. ते अडवायला दोन मोठी कामे झाली. पहिले तोट्टप्पळ्ळीचे. बोट अलप्पुळाहून निघाल्यावर काही वेळाने पश्चिमेला दारांची लांब रांग आणि तिच्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग दिसतो. १९५५ साली पूर्ण झालेल्या या सांडव्याला ४० दारे आहेत. पंपा, अच्चनकोविल आणि मणिमला यांचे पुराचे पाणी वेंबनाडचा लांबचा फेरा न घेता थेट समुद्रात सोडायचे आणि उन्हाळ्यात समुद्राला आत येऊ द्यायचे नाही, अशी दुहेरी योजना. प्रत्यक्षात सांडवा ठरवल्यापेक्षा बरेच कमी पाणी वाहून नेतो. तिथपर्यंत पाणी आणणारा कालवा पुरेसा रुंद नाही, आणि समुद्राकडच्या तोंडावर वाळूचा दांडा सारखा भरत राहतो. पावसाळा आला की यंत्रे लावून तो दांडा कापावा लागतो. ऑगस्ट २०१८च्या महापुरात कुट्टनाड बुडाले आणि माणसे होड्यांतून, ट्रकमधून बाहेर काढावी लागली, तेव्हा या तोंडाची रुंदी हा साऱ्या राज्याच्या चर्चेचा विषय झाला.

दुसरे काम तण्णीरमुक्कमचा बंधारा. तो या मार्गाच्या उत्तरेला, वेंबनाड कायलला आडवा घातलेला. १९७०च्या दशकात तो वापरात आला. डिसेंबरच्या मध्याला त्याची दारे लावायची, मार्चच्या मध्याला उघडायची, असा मूळ बेत. भाताला फायदा झाला, दुबार पीक घेता येऊ लागले. पण मिठाबरोबर बरेच काही बंद झाले. कोळंबीची पिल्ले समुद्रातून आत येऊन वाढतात आणि मोठी होऊन परत जातात. त्यांची वाट अडली. पाणी साचून राहिले. जलपर्णी मिठाने मरते. मीठ आलेच नाही, तर ती वाढतच राहते. तिचे हिरवे तराफे बोटीच्या पंख्यात अडकतात, आणि मग तांडेल इंजिन मागे-पुढे करून ते झटकतो. या प्रवासातही पहिल्या दोन तासांत तसे दोनदा झाले.

दारे कधी उघडायची, यावर शेतकरी आणि मच्छीमार दरवर्षी आमनेसामने येतात. पेरणी उशिरा झाली की कापणी लांबते आणि शेतकरी म्हणतात, अजून पंधरा दिवस थांबा. त्या पंधरा दिवसांत मच्छीमाराच्या जाळ्यात काही येत नाही. कधीकधी एकाच घरातला एक भाऊ शेतीत आणि दुसरा जाळ्यावर असतो. यात कोणा एकाची बाजू घेणे बाहेरच्या माणसाला सोपे वाटते; बांधावरून दोन्हींकडे पाहिल्यावर वाटत नाही.

करुमाडीचा बुद्ध आणि पल्लनेतला अपघात

या टप्प्यात पाणी अरुंद होते आणि काठ जवळ येतात. अंगणात भांडी घासणारी बाई मान वर करून बोटीकडे पाहते आणि पुन्हा कामाला लागते. करुमाडीत काळ्या दगडाची एक बुद्धमूर्ती आहे. तिचा डावा भाग नाही, आणि ती सुमारे हजार वर्षे जुनी मानली जाते. गावकरी तिला करुमाडिक्कुट्टन, म्हणजे करुमाडीचा पोर, म्हणतात आणि नवसही बोलतात. इथे एकेकाळी बौद्ध धर्म होता याची जी थोडी दगडी साक्ष उरली आहे, त्यांतली ही एक.

शेजारीच तकळी हे गाव. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांचे हे जन्मगाव; त्यांच्या ‘चेम्मीन’ने या किनाऱ्यावरचे कोळीजीवन देशभर पोचवले आणि ‘कयर’ या प्रचंड कादंबरीत कुट्टनाडच्या पिढ्या आल्या. १९८४चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. कयर म्हणजे काथ्या. इंग्रजांनी तोच शब्द उचलून आपल्या भाषेत रुळवला.

पुढे पल्लना. १६ जानेवारी १९२४च्या रात्री कोल्लमहून निघालेली ‘रिडीमर’ नावाची बोट इथे उलटली आणि कवी कुमारन आशान बुडाले. ते नारायण गुरूंचे शिष्य होते, मल्याळम कवितेला नवे वळण देणारे होते, आणि नुकते पन्नाशीत पोचले होते. ज्या जागी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तिला आता कुमारकोडी म्हणतात. तांडेल तिथे भोंगा वाजवत नाही, फक्त हात करून दाखवतो. पुण्या-मुंबईचे प्रवासी फोटो काढतात. केरळचे प्रवासी उठून उभे राहतात.

दार ओलांडताना

तृक्कुन्नप्पुळा इथे या पाण्याला दार आहे. उत्तरेला कुट्टनाडचे गोडे पाणी, दक्षिणेला कायंकुळम कायलचे खारे. दोन्ही पाण्यांची पातळी एक नसते, म्हणून नुसते दार उघडून भागत नाही. दोन दारांमध्ये बोट मावेल एवढी कोंडी लागते. बोट कोंडीत शिरते, मागचे दार मिटते, पुढच्या बाजूच्या पातळीपर्यंत पाणी आत-बाहेर केले जाते, मग पुढचे दार उघडते. खारे पाणी उत्तरेला फक्त तेवढ्या कोंडीपुरते जाते. एखाद्या घराच्या ओटीवर चपला काढून आत यावे, तसे हे.

दार ओलांडल्यावर बदल डोळ्यांना दिसायला वेळ लागतो. नाकाला आधी कळतो. वारा खारट होतो. जलपर्णी संपते. भात संपतो. दोन्ही काठांना माड, आणि पाण्यात चिनी जाळी. बांबूच्या चार वाकलेल्या बाहूंना टांगलेले जाळे तोलून पाण्यात सोडायचे, काही मिनिटे थांबायचे, मग मागच्या दोरांवरच्या दगडांच्या भाराने ते उचलायचे. दिव्याच्या उजेडात, ओहोटी लागताना ती सर्वांत जास्त चालतात, कारण कोळंबी त्या वेळी पाण्याबरोबर वाहते. दुपारी ती रिकामी, वर उचललेली.

जेवणाचा थांबा काठावरच्या एका साध्या खाणावळीत. केळीच्या पानावर जाडा लाल भात, सांबार, तोरण नावाची भाजी, आणि मागितल्यास करिमीन. ही केरळची राज्यमासळी. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांत हिलाच काळुंदर म्हणतात. कोकणी जोडप्याने दोन तुकडे मागवले. “कोकम नाही यात,” बाई म्हणाली, “पण आंबट आहे.” आंबटपणा कुडमपुळीचा होता. ती कोकमाच्याच कुळातली.

कायंकुळम कायल लांब आणि उथळ. याच्या काठावर नाफ्त्यावर चालण्यासाठी बांधलेले एनटीपीसीचे वीज केंद्र आहे. नाफ्त्याची वीज महाग पडू लागली आणि ते बहुतेक काळ बंद राहू लागले. २०२२ साली त्याच आवारातल्या पाण्यावर ९२ मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प सुरू झाला. पश्चिमेला कायल जिथे समुद्राला मिळते, तिथे वलियळीक्कल इथला कमानींचा नवा पूल आहे.

दोन पाण्यांमधली वाळू

कायंकुळमच्या दक्षिणेला आलप्पाड पंचायतीचा पट्टा सुरू होतो. इथे बोटीच्या उजव्या हाताला घरे, घरांमागे लगेच समुद्र. काही ठिकाणी दोन पाण्यांमध्ये शंभर मीटरही जमीन नाही. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने केरळात सर्वाधिक बळी याच पट्ट्यात घेतले. लाट आली तेव्हा पळायला एकच दिशा होती, पूर्व, आणि पूर्वेला कायल होते. माता अमृतानंदमयी यांचा अमृतपुरी आश्रम या पट्टीवर आहे. त्सुनामीनंतर आश्रमाच्या पुढाकाराने पाण्यावर पूल बांधला गेला, तो मुळात पुन्हा लाट आली तर माणसे लवकर पलीकडे जावीत म्हणून. आश्रमाचे गुलाबी मनोरे बोटीतून दुरून दिसतात. परदेशी प्रवासी बरेचदा इथेच उतरतात.

ही पट्टी अरुंद होण्याचे जे एक कारण सांगितले जाते, ते पुढच्या चवरा गावात सापडते. इथली वाळू काळी आणि जड आहे: इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन, मोनाझाइट. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आयात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. मोनाझाइटमध्ये थोरियम असते आणि त्या काळी गॅसबत्तीचे मँटल थोरियमशिवाय होत नसे. कोकणातल्या लग्नमंडपांत पेट्रोमॅक्स उजळत, त्या जाळीचा संबंध अशा वाळूशी आहे. पुढे इल्मेनाइटपासून रंगासाठी पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड करण्याचा उद्योग उभा राहिला. चवऱ्यात आज दोन सरकारी कंपन्या वाळू काढतात. रोजगार त्यांनी दिला; किनारा किती खाल्ला, यावरचा वाद २०१९ साली ‘आलप्पाड वाचवा’ या हाकेने देशभर पोचला. करुनागप्पळ्ळीच्या या परिसरात जमिनीतून येणारा नैसर्गिक किरणोत्सार जगातल्या सर्वाधिक पातळ्यांपैकी आहे. तिथे कर्करोग जास्त होतो का, हे वर्षानुवर्षे तपासले गेले. तसे आढळले नाही.

याच टप्प्यात काठाच्या पाण्यात जाळ्यात बांधून बुडवलेले सोडणांचे ढीग दिसतात, आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. बाईने पदर नाकाला लावला नाही. “आमच्या गावी हा वास आला की कळायचं, कोणाच्या तरी घरी सुंभ वळायचं काम निघालंय.” सोडणे मचूळ पाण्यात सहा महिने ते वर्षभर कुजवायची असतात. पाण्यातले जिवाणू तंतूंना धरून ठेवणारा डिंक खातात; मग सोडण काठीने बडवली की तंतू सुटे होतात. हे काम निव्वळ गोड्या पाण्यात तितके साधत नाही. भरती-ओहोटीने हलणारे मचूळ पाणीच त्याला योग्य, म्हणून सोन्यासारखा पिवळा काथ्या याच पट्ट्यात होई. कमरेपर्यंत त्या पाण्यात उभे राहून बडवणाऱ्या बायकांच्या त्वचेचे जे होई ते होईच. कुजण्यातून सुटणारा वायू मासळीला मारतो. यंत्रांनी कोरड्या सोडणापासून तंतू काढायला लागल्यावर हे काम कमी झाले; आता ढीग थोडे आहेत आणि बायका वयस्क आहेत.

नींडकरा आणि आठ फाट्यांचे पाणी

साडेपाचच्या सुमारास इंजिनाचे आवाज वाढतात. नींडकरा. पुलाखालून ट्रॉलर ओळीने बंदरात येत असतात, बर्फाच्या गाड्या उभ्या असतात. १९५३ साली नॉर्वेच्या मदतीने इथे मासेमारी विकासाचा प्रकल्प सुरू झाला. हेतू गावातल्या मच्छीमारांना लहान यांत्रिक होड्या, बर्फ आणि आरोग्यसेवा देण्याचा होता. कोळंबीला परदेशात भाव आला, ट्रॉलर वाढले, आणि समुद्राचा तळ खरवडणाऱ्या त्यांच्या जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी मोठी आंदोलने केली. १९८८पासून पावसाळ्यात ट्रॉलिंगबंदी असते ती त्यातून आली. महाराष्ट्रातही पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत तर त्याहून जुनी.

नींडकरा हे अष्टमुडी कायलचे समुद्राकडचे तोंड. नावाप्रमाणे या पाण्याला आठ फाटे आहेत. कल्लडा नदी आतून गोडे पाणी आणते, नींडकऱ्याने भरती आत येते. तोंड कायमचे उघडे, म्हणून इथला तळ शिंपल्यांना मानवतो. होडीतून छातीपर्यंतच्या पाण्यात उतरलेली माणसे पायाने तळ चाचपतात, हाताने आणि लहान जाळ्याने शिंपल्या वर काढतात. बाईने ओळखायला क्षणही घेतला नाही.

“तिसऱ्या!”

त्याच त्या. गोव्याच्या आणि तळकोकणच्या स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या आणि अष्टमुडीतला शिंपला एकाच जातीचा. गेल्या शतकाच्या अखेरीस निर्यात वाढली तशा तिसऱ्या घटू लागल्या. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, विणीच्या काळात, काढणी बंद. बारीक आसाचे जाळे बंद. लहान शिंपला विकत घ्यायचा नाही, असे नियम मच्छीमार, व्यापारी आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून पाळले. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिले. दारे कधी उघडायची यावर उत्तरेला दरवर्षी भांडण होते, आणि इथे तीन महिने हात आवरायचे हे ठरले. उत्तरेला दोन धंदे एका पाण्यावर आहेत, इथे एकच. तरी नोंद घ्यावी असे हे उदाहरण आहे.

उन्हे उतरली की अष्टमुडीचे पाणी पसरट आणि शिशाच्या रंगाचे होते. बोट मध्यावरून जाते. दोन्ही काठ लांब असतात, आणि आठ तासांत पहिल्यांदा काठावरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पूर्वेला मनरो बेट, त्रावणकोरचे रेसिडेंट आणि काही काळ दिवाणही असलेल्या कर्नल मनरो यांच्या नावाचे. भरतीचे पाणी तिथल्या घरांत पूर्वीपेक्षा अधिक वेळा शिरते आहे. पुढे कोल्लमचे दिवे. केरळचा स्वतःचा शक, कोल्लवर्षम, इ.स. ८२५पासून मोजतात, तो या शहराच्या नावाने. अरबी आणि चिनी जहाजे इथे मिरीसाठी येत. आता आफ्रिकेहून कच्चा काजू येतो आणि इथल्या बायका तो फोडतात, सोलतात, निवडतात.

धक्क्यावर एका मुलाने दोर झेलला. दोर नायलॉनचा होता. पुढच्या रांगेतल्या बाईने तो हाताने चाचपून पाहिला, मग फळीवरून नवऱ्याचा हात धरून उतरली. एसटी स्थानक इथेही धक्क्याला लागूनच. बोटीचे लोक डेक धुऊ लागले. सकाळी साडेदहाला हीच बोट उत्तरेला निघायची होती.